अक्काचा डावा कान

ये गं पोरी, अशी जवळ ये. लांब उभी राहू नकोस, मी काही मारत नाही. तू पुण्यात आणि मी धुळ्यात, हे मला कळतं, पण लिहिताना तू माझ्यासमोर पाटावर बसली आहेस असंच मी धरलं आहे. तोंडावर बोलल्याशिवाय मला रागावता येत नाही. आणि मला तुझ्यावर रागवायचं आहे.

दर रविवारी सकाळी तू कुणी ना कुणी शास्त्रज्ञ पकडून आणतेस आणि त्याला तासभर बोलतं करतेस. काम चांगलं करतेस, नाही कोण म्हणतं? पण माणूस रंगात आला की तू मध्येच "म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर" म्हणून त्याच्या तोंडातला घास काढून घेतेस. त्याने सोपंच सांगितलेलं असतं गं! आम्ही ओट्यावरच्या बायका पापड लाटता लाटता ऐकतो, आम्हाला कळतं, तुलाच कळायला वेळ लागतो. दुसरं, पाहुण्याचा विनोद संपायच्या आधी तू हसतेस. मग आम्हाला विनोद ऐकू येत नाही, नुसतं तुझं हसू ऐकू येतं. ते गोड आहे, पण विनोद तो विनोद.

हे झालं वरवरचं. खरा राग वेगळाच आहे. एका ओट्यावर बसून दोन बायका तुझा कार्यक्रम ऐकतात, दोघींचे अभिप्राय एकाच मोबाईलवरून, एकाच बोटाने टाइप होऊन तुझ्याकडे येतात, आणि तू वर्षभर एकीचाच वाचतेस. "आता बघूया आपल्या धुळ्याच्या अक्का काय म्हणतात!" हे म्हणताना तुझा आवाज कसा होतो तुला माहीत आहे? लेकीचं पत्र उघडतात तसा. ते बोट कुणाचं असतं ठाऊक आहे का? माझं!

तर आता ही अक्का कोण, ते ऐक. ते ऐकल्याशिवाय मी तुला पुढची गोष्ट सांगू शकत नाही, आणि पुढची गोष्ट सांगायला मला धीर लागतो.

आमच्या यांची बदली धुळ्याला झाली तेव्हा आम्ही खोली शोधत हिंडत होतो. माझं माहेर धरणगाव, शाळा चौथीपर्यंत. बाकीचं वाचन किराणाच्या पुड्या सोडून त्या कागदांवर केलेलं. कुणीतरी सांगितलं, अमुक गल्लीत एका एकट्या बाईच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. गेलो. बाई दारात उभी. उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथनी, आणि मान जराशी उजवीकडे कललेली, सतत काहीतरी ऐकत असल्यासारखी. नवऱ्याचा पगार विचारला नाही, मुलं किती, मांसमच्छी खाता का, काही नाही. मला एकटीला रिकाम्या खोलीत उभं केलं आणि म्हणाली, "बोल."

"काय बोलू?"

"काहीबी बोल. थांबू नको."

आणि स्वतः पलीकडच्या तिच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावून बसली. मी काय बोलणार? धरणगावचा कापूस, आमच्या म्हशी, थोरल्या जावेचा स्वभाव, जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. यांना वाटलं आपण वेड्याच्या घरी आलो. दहा मिनिटांनी बाई परत आली आणि म्हणाली, "तुना आवाज भीतमाईन येस. माले सोबत व्हई. उद्याच सामान आन."

तिला भिंतीतून आवाज येणारी भाडेकरीण हवी होती. आधीचे दोघं तिघं कमी बोलतात म्हणून तिने परत पाठवले होते. मला जन्मभर सगळ्यांनी "गप बस" म्हटलेलं, आणि ही बाई मला बोलते म्हणून घर देत होती! तू विचार कर, मला काय वाटलं असेल.

पहिली दोन वर्षं मी तिला अहो-जाहो करायचे. एकदा ती मागे वळून बघायला लागली. म्हणाली, "तुम्ही तुम्ही काय म्हनस? मना मांगे आखो कोन उभं शे?" त्या दिवसापासून अक्का, आणि अगं-तुगं.

पुढे आम्ही समोरच घर बांधलं, तरी भिंत गेली म्हणून बोलणं गेलं नाही. रोज सकाळी मी तिच्या ओट्यावर. ती डाळ निवडणार, मी बोलणार. कुणाची सून कशी, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, शिंदखेड्याच्या बाजाराला काय आलं होतं. ती ऐकायची. असं ऐकायची की बोलणाऱ्याला वाटावं, आपल्यासारखा बोलणारा पृथ्वीवर नाही. हा तिचा गुण, आणि मी तो एकटीने खाल्ला. सारी वर्षं.

मग तू आलीस.

माझ्या सूनबाईने अक्काच्या मोबाईलवर तुझा कार्यक्रम लावून दिला. मला वाटलं, शास्त्राबिस्त्राचं आहे, अक्का पाच मिनिटांत बंद करील. पहिल्याच दिवशी एक म्हातारे शास्त्रज्ञ ताऱ्यांबद्दल बोलायला लागले. अक्काने काय करावं? डोक्यावर पदर घेतला! मोबाईलसमोर! "अगं अक्का, ते तुला बघत नाहीत," म्हटलं तर म्हणते, वडील माणूस बोलतोय, आपली रीत आपण सोडू नये. पंखा बंद केला, कुकर उतरवला, आणि मोबाईल डाव्या कानाशी धरून बसली. उजव्या कानाने तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. गोवर आला होता म्हणे, तेव्हापासून. म्हणून फोन असो, माणूस असो, ती डावा कान पुढे करते. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

मी त्या दिवशी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अक्काने मला हाताने गप्प केलं. तुझ्यासाठी.

त्याच दिवशी तिने पहिला अभिप्राय सांगितला आणि मी टाइप केला. ती बोलायची अहिराणीत, मी तुला कळावं म्हणून सरळ करून लिहायची. तिचं म्हणणं होतं, "त्याना घसा कोरडा पडेल शे. पहिले पानी दे, मंग चांदन्या इचार." पाहुण्याला आधी पाणी दे, मग तारे विचार. मी ते लिहिलं. आणि खाली, आलेच आहे तर म्हणून, माझाही लिहिला: "आजचा भाग माहितीपूर्ण व उद्बोधक वाटला. असेच भाग यावेत." शब्द मी पेपरातून उचलले होते. उद्बोधक तीनदा खोडून लिहिला.

पुढच्या रविवारी काय झालं ते तुला माहीतच आहे. तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. आणि मग ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि तू म्हणालीस, "अक्का, पाहुण्यांना पाणी दिलं बरं का!" तेव्हापासून तुझा प्रत्येक भाग पाणी ओतल्याच्या आवाजाने सुरू होतो. लोकांना वाटतं ती तुझी कल्पना. ते अक्काचं पाणी आहे. आणि उद्बोधक कुठे गेलं? मोरीत.

मी हसले गं तेव्हा. ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. पण घरी आले आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड, ज्वारीचे बिबडे कुणी एकटीने करत नाही. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं, आणि जिच्याकडे पाळी ती चहा आणि पापडाच्या लाट्या खायला देणार. पूर्वी अशा वेळी बोलणारी मी असायचे. गावातली सगळी बातमी माझ्या लाटण्याखालून जायची. आता मध्ये मोबाईल, पालथ्या पातेल्यावर ठेवलेला, आणि त्यात तू. बायका तुझ्यावर बोलतात. एक म्हणते, पोरगी हुशार आहे पण नीट जेवत नाही वाटतं, आवाजात दम नाही. दुसरी म्हणते, लग्न झालं असेल का गं? तिसरी म्हणते, मागच्या वेळचे ते सापवाले चांगले होते, त्यांना परत बोलाव म्हणावं. आणि सगळ्यांच्या शेवटी अक्का काय बोलते याकडे सगळ्यांचे कान. मी बोलले तर, "अगं थांब, अक्काला बोलू दे." मला! थांब!

बरं, अक्काची शास्त्रज्ञ मोजायची पद्धतही तिची स्वतःची. कोण किती शिकला, परदेशात कुठे होता, याच्याशी तिला काही नाही. तुझ्या प्रश्नावर पाहुणा "हे मला माहीत नाही" म्हणाला की ती ताडकन उठायची, स्वयंपाकघरात जायची, हळदीत बोट बुडवायची आणि दाराच्या मागच्या बाजूला एक पिवळं बोट ओढायची. "हाऊ मानूस खरा शे," म्हणायची. सगळं माहीत असलेल्याला बोट नाही, मग तो कितीही मोठा असो. दाराच्या मागे अशी पिवळी रांगच झाली आहे. एकदा मी विचारलं, "अक्का, माझं एखादं बोट?" तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कवय म्हननी माहीत नही?" तू कधी म्हणालीस माहीत नाही? सगळ्या बायका लाटणी टाकून हसल्या. मी पण. वरून.

आता ज्वारीची गोष्ट.

तुझ्याकडे एक बाई आल्या होत्या, आंबवण्यावर अभ्यास केलेल्या. इडली, ढोकळा, पाव, दही, सगळं झालं. अक्का अस्वस्थ. भाग संपल्याबरोबर म्हणाली, लिही. आमच्या ज्वारीने काय घोडं मारलं होतं? बिबड्यांसाठी आम्ही ज्वारी तीन दिवस मडक्यात भिजत घालतो, तिला आंबूस वास सुटला की वाळवून दळतो, मग शिजवून ओल्या फडक्यावर थापतो. ती कधी काढायची हे घड्याळ सांगत नाही. मी मडक्याला कान लावते, असं तिने लिहवून घेतलं.

खरं आहे ते. मी तिच्याकडे आले तेव्हापासून बघते आहे. चैत्रात ज्वारी भिजत घातली की अक्का दिवसातून दोनदा अंधाऱ्या खोलीत जाणार, मडक्याशेजारी मांडी घालून बसणार, गार मडक्यावर डोकं टेकवून डोळे मिटणार. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हाक मारली तरी हलायची नाही. मग उठून म्हणणार, आज नाही, उद्या. आणि तिचे बिबडे असे होतात की तळले की ताटाएवढे फुलतात. सगळी गल्ली म्हणते, अक्का ज्वारी ऐकते.

तू ते वाचलंस. त्या बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मुद्दाम तुला निरोप पाठवला, आणि तू पुढच्या भागात म्हणालीस, "अक्का, मॅडम विचारतात, मडक्यातून नक्की काय ऐकू येतं? कसा आवाज असतो? नक्की कळवा, आम्ही वाट बघतोय."

तेव्हा अक्का धुळ्यात नव्हती. नरडाण्याला लेकीकडे गेली होती, नातीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून. जाताना मोबाईल माझ्याकडे देऊन गेली होती. लेकीकडे आहे एक, त्यावर ऐकीन म्हणाली. मी एकटीच ओट्यावर बसून ते ऐकलं. "आम्ही वाट बघतोय." माझी कुणी अशी वाट बघितली नव्हती गं.

फोन करून विचारता आलं असतं. नरडाणा काही लंकेत नाही.

मी विचारलं नाही. मी मोबाईल घेतला आणि लिहिलं. तू वाचलेलं तुला आठवत असेल, मला तर पाठच आहे. लिहिलं की अक्का गावी गेल्या आहेत, म्हणून मी कळवते. खरं पाहता हे मडकं ऐकणं मूळ आमच्या धरणगावकडचं. माझ्या आईने मला शिकवलं. पहिल्या दिवशी मडकं मुकं असतं. दुसऱ्या दिवशी मुंग्या चालल्यासारखा आवाज येतो. तिसऱ्या दिवशी लांब कुणाच्या तरी घरी मोहरी तडतडावी तसा. आणि तो तडतडाट थांबून नुसतं गुणगुणणं उरलं की ज्वारी काढायची. खाली माझं नाव, पूर्ण.

पोरी, मी जन्मात कधी मडक्याला कान लावला नाही. आमच्या आईनेही नाही. ती ज्वारी वास घेऊन काढायची, आणि बऱ्याचदा जास्तच आंबायची.

तू ते वाचलंस. सावकाश, थांबत थांबत. मुंग्यांशी थांबलीस. मोहरीशी "अहाहा" म्हणालीस. माझं नाव दोनदा घेतलंस. सूनबाई कॉलेजातून आली ती ओरडतच, "सासूबाई, तुम्ही तर लेखिका झालात!" गल्लीत तीन दिवस मी पाय जमिनीला लावला नाही. आणि मग तुझा निरोप आला, की अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या सुमारास मी त्या मॅडमना आणि मायक्रोफोन घेऊन तुमच्या घरी येते, आपण त्या मडक्याचा आवाज सगळ्या महाराष्ट्राला ऐकवू.

माझ्या घरी. माझं मडकं. त्यात काय आवाज येतो देव जाणे.

दुसऱ्या दिवशी अक्का नरडाण्याहून आली. हातात लेकीने दिलेला डबा. मी ओट्यावरच होते. तिने डबा खाली ठेवला, पायांवर पाणी घेतलं, मांडी घालून बसली. मी बोलायला लागले. पाहुणे कसे होते, नात पसंत पडली का, गाडीला गर्दी होती का. ती ऐकत होती, पण उजवा कान माझ्याकडे करून. ते मला खूप उशिरा लक्षात आलं. मी माझं बोलणं मधेच सोडलं. तेव्हा ती म्हणाली,

"तुना मडकाले भलतं बोलता येस ओ माय! मना मडकं ते मुकं शे."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? माले काहीच आयकू येत नही. कवयच ऊनं नही."

मला वाटलं ती रागाने बोलते आहे. पण नाही. तिने मग सांगितलं, शांतपणे, भाकरीची कृती सांगावी तसं. लग्न होऊन आली तेव्हा घरात चौदा माणसं. सासू बसू द्यायची नाही. बसलेली दिसली की काम सांगायची. पाठीला कळ यायची पण पाठ टेकायला जागा नव्हती. एका चैत्रात ज्वारी बघायला म्हणून अंधाऱ्या खोलीत गेली, आणि गार मडक्यावर सहज डोकं टेकलं. तेवढ्यात सासू दारात. आता काय सांगावं? तोंडातून निघून गेलं, "ज्वारी आयकी ऱ्हायनू." त्या दिवशी ज्वारी योगायोगाने चांगली निघाली. तेव्हापासून सासूच सगळ्यांना सांगायला लागली, तिला उठवू नका, ती ज्वारी ऐकते आहे.

"आणि तू कान कुठला लावायचीस?" मी विचारलं. आणि विचारता विचारता मला इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेलं दिसलं. अक्का मडक्याला नेहमी उजवा कान लावते. बिघडलेला.

"मंग?" ती म्हणाली. "चांगला कान वर नको का? सासूना पाय वाजतस त्या कोन आयकई?"

सासूची पावलं ऐकायला चांगला कान वर. बहिरा कान मडक्यावर. आणि मी, शहाणी, त्या बहिऱ्या कानातून मुंग्या काढल्या, मोहरी तडतडवली!

मला हसू आलं. मी हसले, आणि वाटलं आता अक्काही हसेल आणि मिटेल. ती हसली नाही. म्हणाली, "मी रविवारवालीले सांगनार व्हतू, काहीच आयकू येत नही. ती पोर हसती. चांगलं हसती." आणि मग म्हणाली, "बठ्ठा घरमा तितली एकच जागा मनी व्हती. ती बी तू तुना माहेरले ली गयी."

सगळ्या घरात तेवढी एक जागा तिची होती. डोकं टेकायची. ती मी उचलून धरणगावला नेऊन ठेवली, आईच्या नावावर.

  समोरून भाजीवाला गेला, "भरताची वांगी" ओरडत, तर दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.  शेवटी मी म्हटलं, "अक्का, मला माहीत नव्हतं. त्या मडक्यात काय ऐकू येतं, मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. तुझं वाचतात आणि माझं वाचत नाहीत, म्हणून लिहिलं. ती पोरगी तुला ऐकते आणि तू तिला ऐकतेस. मध्ये मी नुसतं बोट."

अक्काने माझ्याकडे डावा कान केला होता. तिने सगळं ऐकलं, मधे एक शब्द न बोलता, पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकलं होतं तसं. मग उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ती दार लावणार. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. मी दारातून बघितलं. ती दाराच्या मागच्या बाजूला, त्या सगळ्या मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या शेवटी, हळदीचं एक बोट ओढत होती.

"माहीत नही म्हननी ना," एवढंच म्हणाली. "चहा ठेव."

आता तू विचारशील, झालं तर मग, मिटलं, हे सगळं मला का लिहितेस? एक तर तू मायक्रोफोन घेऊन यायच्या आधी तुला खरं कळावं म्हणून. मी लिहिलेलं खोटं होतं, धरणगावचं काही नाही, माझ्या आईचं काही नाही. पुढच्या रविवारी हे तू वाच. हेही माझंच आहे, तेवढं वाच, उद्बोधक नसलं तरी. त्या मॅडमनाही सांग की म्हातारीने फसवलं.

पण दुसरंही एक झालं आहे, आणि त्यापायी माझा जीव खालीवर होतो आहे.

काल अक्काकडे या वर्षीच्या ज्वारीचा दुसरा दिवस होता. पहिला घाणा ती लवकर घालते. मी म्हटलं, अक्का, आता सासू नाही, चौदा माणसं नाहीत, कुणाची पावलं ऐकायची नाहीत. एकदा चांगला कान लावून तर बघ. ती म्हणाली, या वयात काय नाटकं. मी म्हटलं, मग मी लावते. आणि लावला. गार वाटलं कानाला, छान वाटलं. आवाज? काहीतरी होतं. सुं सुं असं. पण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ते मडक्यातलं की माझ्याच डोक्यातलं, मला माहीत नाही. बघ, शिकले की नाही!

मला बसलेली बघून अक्काला राहवलं नाही. "सरक," म्हणाली. मांडी घालून बसली. सवयीने उजवा कान टेकवला, मग थांबली, उठून दुसऱ्या बाजूला गेली, आणि डावा टेकवला. डोळे मिटले.

आधी तिच्या कपाळावर आठी होती. ती गेली. मग तोंड जरा उघडलं. मग पोरी, तिचा चेहरा असा झाला की मी तो कधी बघितला नव्हता. तुझा कार्यक्रम ऐकतानासुद्धा नाही.

"काय गं? काय ऐकू येतं?"

तिने हात वर केला. "गप ऱ्हाय."

मी गप्प राहिले. माझ्या हिशेबाने खूप. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही. शेवटी उठली तेव्हा तिच्या गालावर मडक्याची ओली खूण होती आणि ती हसत होती, एकटीच, आतल्या आत.

"अक्का, सांग ना काय होतं."

नाही. संध्याकाळी विचारलं, नाही. आज सकाळी चहाबरोबर तिला आवडते ती ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी घेऊन गेले, भरपूर तेल-तिखट घालून. भाकरी खाल्ली, पण सांगत नाही. म्हणते, "रविवारवालीले सांगसू. तिनी इचारं व्हतं."

जिने विचारलं होतं तिलाच सांगणार. मी समोर बसलेली, इतक्या वर्षांची, भिंतीतून ऐकू येणारी, मला नाही! तुला सांगणार! त्या दिवशीच्या एवढ्या सगळ्या बोलण्यानंतर पुन्हा माझं आतून तेच सुरू झालं आहे बघ. देव मला या वयातही सुधारू देत नाही.

तेव्हा आता उशीर करू नकोस. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. तू आपली त्यातलीच एक समज. मॅडमना आण, मायक्रोफोन आण, तो अक्काच्या मडक्याला लाव, माझ्याकडे नको. आखाजीच्या तीन दिवस आधी आम्ही दुसरी ज्वारी भिजत घालू, म्हणजे तू येशील तेव्हा ती बोलण्यात असेल. येताना नीट जेवून ये असं म्हणणार होते, पण नको, उपाशीच ये, पुरणपोळी आणि आमरस आहे. अक्का तुला सगळं सांगेल. ती सांगत असताना मी पलीकडच्या खोलीत भिंतीला कान लावून बसेन.

लवकर ये गं.